तीन सारखे रकाने

बागवानबाईंच्या कॉम्प्युटरला हात लावायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती होत नसे. नाना प्रकाशनाचे मालक, पण तेसुद्धा लांबूनच बोट दाखवून विचारायचे, "बाई, तेवढी ती फाइल जरा उघडता का?" बाई चष्म्यावरून त्यांच्या बोटाकडे बघायच्या. "बोट मागे घ्या, मग उघडते. स्क्रीनवर ठसे उमटतात."

आमचं प्रकाशन सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षांचा क्लास. दाढ कोरल्याचा आवाज आणि सरांच्या माइकवरून येणारी पंचायत राज व्यवस्था यांच्यामध्ये बसून आम्ही मराठी पुस्तकं काढत असू. माझं काम प्रुफं वाचण्याचं. नसीम बागवान मजकूर टाइप करायच्या आणि पानं लावायच्या. त्या मला वैद्यबाई म्हणायच्या, मी त्यांना बागवानबाई. इतकी वर्षं समोरासमोर बसूनही आम्ही एकमेकींना कधी अगं-तुगं केलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

त्यांच्या भावांचा मंडईत फळांचा गाळा आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. बाई गंज पेठेतून स्कूटरवर यायच्या आणि पायाशी फळांची पिशवी असायची. पेरू असो नाहीतर पपई, ती ऑफिसात कापायचा मान त्यांचा. कापायच्या अशा की फोडी मोजमाप करून काढल्यासारख्या सारख्या व्हायच्या. एखादी जराशी मोठी झाली तर तिची कड काढून त्या स्वतः खायच्या आणि मग बशी फिरवायच्या.

एकदा एक नवे लेखक आले होते. बाईंचं नाव ऐकलं, बोलणं ऐकलं आणि त्यांना राहवेना. "वा! तुमचं मराठी किती छान आहे हो!"

"तुमचंही बरं आहे," बाई म्हणाल्या. "चार ठिकाणी दुरुस्त केलंय, बघून घ्या."

लेखक हसले, पण पुढच्या खेपेला त्यांनी हस्तलिखित दोनदा तपासून आणलं होतं.

आता बाईंचं मशीन जरा समजून घ्यायला हवं, नाहीतर बाई समजणार नाहीत. मराठी छपाईची जुनी सॉफ्टवेअरं होती, ती जुन्या विंडोजवरच चालायची. त्यांचे फाँट त्यांचे स्वतःचे. त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की मराठीचा पत्ता नाही, नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. शिवाय मशीनच्या पाठीमागे एक लॉक खोचावं लागायचं, काडेपेटीएवढं. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. नव्या कॉम्प्युटरला ते लॉक खोचायची जागाच नसते. नानांची सगळी पुस्तकं त्या जुन्या फाँटात, त्यामुळे ते जुनं धूड टाकून द्यायची सोय नव्हती.

दुसरीकडे लेखक मंडळी पेनड्राइव्ह घेऊन यायची. त्यात कादंबरी असायची, नातवाच्या मुंजीचे फोटो असायचे, सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त असायचं आणि व्हायरस तर असायचाच. एकदा एका प्रवासवर्णनाने आमचं मशीन आठवडाभर आडवं केलं. तेव्हा बाईंनी ठरवलं की परका पेनड्राइव्ह आधी लिनक्समध्ये उघडायचा. विंडोजसाठी बनवलेले व्हायरस तिथे काही करू शकत नाहीत. पण लिनक्स शिकवणार कोण? एका कॉलेजात रविवारी लिनक्सवेड्या मंडळींची बैठक भरायची, बाई तिथे जाऊन बसल्या.

"सगळी पोरंसोरं," त्या सांगायच्या. "एकानं उठून खुर्ची दिली आणि विचारलं, काकू, कुणाला न्यायला आलात? म्हटलं, लिनक्सला."

आणि खरोखरच घेऊन आल्या. एकाच हार्डडिस्कचे आखून भाग केले. एका भागात जुनी विंडोज, एका भागात आमचं सगळं काम, एका भागात लिनक्स. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, लिनक्समध्ये जायचं की विंडोजमध्ये. बाण खालीवर करून निवडायचं. काहीच केलं नाही तर थोड्या वेळानं लिनक्स आपोआप उघडायचं. बाई सुट्टीवर असताना नानांनी एकदा मशीन चालू केलं आणि चहा घ्यायला गेले. परत येऊन बघतात तो ओळखीचं काहीच नाही. घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी बाईंना फोन लावला. "बाई, माझं प्रकाशन कुठे गेलं?"

"जागेवर आहे. तुम्ही दार चुकलात. बंद करा, चालू करा, आणि या वेळेला चहाला जाऊ नका."

त्यावरून नाना पुढे त्यांना चिडवायचे. "बाई, तुम्ही तर मशीनच्या वाटण्या केल्यात."

"वाटणीत भांडणं होतात. इथे विंडोजला लिनक्स शेजारी राहतं हे माहीतसुद्धा नाही."

असे भाग पाडायचं काम नाजूक असतं. एक चुकीची निवड केली की त्या भागातलं सगळं साफ. म्हणून बाईंची एक रीत होती. पुसण्याचा काही आदेश द्यायचा असला की त्या दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या, पडद्यावरचं मोठ्यानं वाचायच्या, मग मलाही वाचायला लावायच्या. "वाचा. मनात नको." मी वाचायचे. मग एकदा मान हलवून त्या एंटर दाबायच्या. ओळखीच्या चार डीटीपीवाल्यांकडे जाऊन त्यांनी अशीच मशीनं लावून दिली होती, आणि प्रत्येक ठिकाणी कुणालातरी मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, जिची आम्ही गंमत करायचो. बाई डिस्कचे भाग अगदी सारखे पाडायच्या. गरज असो वा नसो. लिनक्सला एवढी जागा कशाला, असं त्या रविवारच्या पोरांनी त्यांना सांगितलं होतं. पण बाईंचा सारा जन्म दिवाळी अंकांचे रकाने लावण्यात गेलेला. एक रकाना दुसऱ्यापेक्षा एका ओळीनं खाली उतरला तर त्यांना जेवण जायचं नाही. "लहानमोठे भाग बघितले की डोळ्यांत खुपतं," त्या म्हणायच्या. एवढंच कारण.

मांजरी गावचे घुले गुरुजी आमच्याकडे आले ते या सगळ्यानंतर. दत्तोबा घुले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, पांढरा सदरा, खांद्याला दोन पिशव्या. पिशव्यांत ऊस आणि गुळाच्या धंद्यातले शब्द होते. लागणीपासून गुळाच्या ढेपेपर्यंत शेतात, बांधावर, गुऱ्हाळात माणसं जे शब्द वापरतात ते त्यांनी आयुष्यभर गोळा केले होते, प्रत्येकाचा अर्थ आणि कुणीतरी बोललेलं एक वाक्य लिहून. मांजरीत आता उसाच्या फडांवर उंच इमारती झाल्यात, गूळ आटवायच्या काहिली भंगारात गेल्यात. शब्द तेवढे पिशवीत राहिले होते.

"पुस्तक व्हईल का याचं?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, होईल, पण वेळ लागेल. त्यावर गुरुजींनी चष्मा काढला आणि अगदी सरळ सांगितलं. "येळच तर न्हाई. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनले, गेली ती नजर परत येत न्हाई, आन् ऱ्हायलेली बी टिकल असं न्हाई. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय ते. बाकी काय मागनं न्हाई."

नाना काही बोलण्याआधी बाई म्हणाल्या, "पिशव्या इकडे द्या."

त्या दिवसापासून ऑफिसात दुसरं काम मागे पडलं. बाई टाइप करत, मी वाचत असे. दर पंधरवड्याला गुरुजी पीएमपीच्या बसनं येत, प्रुफं घरी नेत, भिंगातून वाचून लाल शाईनं दुरुस्त करून आणत. बाई आणि गुरुजींचं विशेष जमलं. बाई मंडईतल्या, गुरुजी फडातले. गुळाच्या ढेपेला बोटानं टिचकी मारून तो कसा आहे हे सांगणाऱ्या माणसाला काय म्हणतात यावर दोघांचा वाद झाला, तर बाईंनी मंडईतल्या भावाला फोन लावून त्याच्या शेजारच्या गूळवाल्याला साक्षीला बोलावलं. साक्ष गुरुजींच्या बाजूनं पडली. बाईंनी तो शब्द मुकाट्यानं टाइप केला. शेवटची दुरुस्ती चालू झाली तेव्हा गुरुजींना भिंगही पुरेनासं झालं होतं. एकेका पानाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता.

आणि तेव्हाच मशीनची हार्डडिस्क कटकट आवाज करायला लागली.

गणपतीचे दिवस होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी, कारण मिरवणूक अजून रस्त्यांवरच असते आणि पेठेत शिरता येत नाही. बाई गल्लीबोळांतून चालत ऑफिसला आल्या. नवी डिस्क आणली होती. तिचे तीन सारखे भाग पाडले, एकात जुनी विंडोज आणली, दुसऱ्यात सगळं काम उतरवलं. ते उतरलं आणि जुन्या डिस्कनं मान टाकली. बाईंना हायसं वाटलं. आता तिसऱ्या भागात लिनक्स टाकायचं, सगळं जागच्या जागी लागलं की मग कामाची सीडी करून ठेवायची, असा त्यांचा क्रम. हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता.

लिनक्स टाकताना पडद्यावर विंडोजमधल्यासारखी सी, डी, ई अशी नावं दिसत नाहीत. नुसते आकडे आणि पुढे प्रत्येक भागाचा आकार. दुसरा कुणी असता तर आकारावरून ओळखता आलं असतं की हा मोठा भाग कामाचा, हा छोटा रिकामा. बाईंच्या डिस्कवर तिन्ही आकार तंतोतंत सारखे. त्यांनी एक निवडला, हात मांडीवर ठेवले, मोठ्यानं वाचलं की या भागातला सगळा मजकूर पुसला जाईल, आणि एंटर दाबलं.

वाचलं ते बरोबर होतं. निवडलेला भाग चुकीचा होता. लिनक्स कामाच्या भागावर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर बाई बंद मशीनसमोर बसल्या होत्या. पिशवी न सोडता तशीच टेबलावर. "वैद्यबाई," त्या म्हणाल्या, "कोश गेला." छापून झालेली पुस्तकं सीडीवर होती, त्यांना धक्का नव्हता. चालू काम एकच होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ढोलांच्या आवाजात लक्ष उडालं का. "ढोलांवर ढकलू नका," त्या म्हणाल्या. "माझे रकाने."

पुसलेला मजकूर परत काढून देणाऱ्या एकाकडे डिस्क दिली. परत आली ती तुकड्यातुकड्यांत. मधेच चार ओळी नीट, मग चिन्हांचा कचरा, मग एखादा एकटाच शब्द. बाईंनी ते पडद्यावर खालपर्यंत पाहिलं आणि बंद केलं.

नानांनी तोडगा काढला. गुरुजींना काही बोलायचं नाही, दुरुस्तीच्या निमित्तानं त्यांच्याकडची प्रुफं मागून आणायची आणि गुपचूप पुन्हा टाइप करायचं. त्यात वाईट हेतू नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

"त्यांना उशीर होणार आहे," बाई म्हणाल्या. "तो कुणामुळे, हे त्यांना कळायला नको?"

आम्ही दोघी रिक्षा करून मांजरीला गेलो. गुरुजींचं घर बसकं, जुनं, तिन्ही बाजूंना इमारती. ते ओट्यावर उन्हात बसले होते, प्रुफाचा कागद नाकाला लावून. सूनबाईंनी, सुरेखानं, पाणी आणलं. बाईंनी पाणी घेतलं नाही.

"गुरुजी, तुमचा कोश माझ्या हातून पुसला गेला."

गुरुजींनी कागद खाली केला. "सगळा?"

"सगळा."

समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. मग गुरुजींनी मांडीवरचा कागद चाचपला. "कागदावर तर हाय न्हवं? मग हाय की." आणि थोडं थांबून, "किती दिस लागतील?"

"तुमच्या डोळ्यांना किती आहेत?"

सुरेखाच्या चेहऱ्यावर राग दिसला. मीही दचकले. पण गुरुजी नाही. ते म्हणाले, "डॉक्टर सांगत न्हाईत."

"मग मीही सांगत नाही. आजपासून बसते."

त्या दिवशी मला बाईंचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्यांच्या त्या हेकट सारखेपणाचा भयंकर रागही आला. एवढी हुशार बाई, आणि एक भाग जरा लहान ठेवायला काय झालं होतं! हे मी त्यांना रिक्षात बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि बाहेर बघत राहिल्या. बाईंनी माझं बरोबर आहे असं म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग. मला तो मुळीच आवडला नाही.

पुन्हा टाइप करायला बसताना त्यांनी एक ठरवून टाकलं. जुन्या फाँटात नाही, युनिकोडमध्ये. म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर मराठी म्हणून उघडेल असं. नानांना ते पसंत नव्हतं. नव्या फाँटात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, पान मराठी वाटत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. शिवाय बाईंचा हात जुन्या सॉफ्टवेअरवर बसलेला, त्यामुळे वेग कमी होणार.

"पुन्हा टाइप करावंच लागतंय," बाई म्हणाल्या, "तर असं करते की परत कधी कुणाला करावं लागू नये. 'ल' आणि 'श' मराठी असलेला फाँट मी शोधते. तुम्ही कागद बघा."

फाँट सापडला. पण सुरुवातीला 'गुऱ्हाळ' नीट उमटेना. रफार डोक्यावर जाऊन बसायचा. कोश उसाचा आणि त्यात गुऱ्हाळच चुकीचं! बाईंनी त्या रविवारच्या पोरांपैकी एकाला फोन करून योग्य कळ विचारून घेतली. मग मी गुरुजींची प्रुफं वाचून दाखवायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि त्या टाइप करायच्या. पाचट, वाढे, चिपाड, चुलवण, मळी. शेजारी दात कोरला जायचा, पलीकडे पंचायत राज चालू असायचं. फळांची पिशवी यायची, पण कापणं मी करायचे. माझ्या फोडी लहानमोठ्या व्हायच्या आणि बाई त्यांतली एक न बोलता उचलायच्या.

दर शनिवारी त्या गुरुजींना फोन करत. तेच एक विचारत. "आज काय वाचलंत?"

आधी गुरुजी सांगायचे, "पेपर वाचला की. अग्रलेख सुदिक." मग, "बातम्या वाचल्या." मग, "मथळे." एका शनिवारी बाईंनी विचारलं आणि फोन कानाला धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. ठेवते," आणि कामाला लागल्या. काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा गुरुजींना पान दिसत होतं, पानावरचं अक्षर दिसत नव्हतं. आम्ही तिघं ते घेऊन मांजरीला गेलो. त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला, मधेच उघडून नाकाशी धरलं. "वास ब्येस हाय," म्हणाले. "छान झालं, बाई." परतताना नाना उगाच हवापाण्याचं बोलत होते. बाई एकदाच बोलल्या. "छान झालं म्हणाले. काय छान झालं ते त्यांना दिसलं कुठे?" ऑफिसात आल्यावर त्यांनी मशीन चालू केलं, पण त्या दिवशी कशालाच हात लावला नाही.

पुढचे काही आठवडे आमच्याकडे दुसरी पुस्तकं होती आणि कामं चालू होती. बाई मात्र दुपारच्या सुट्टीत लिनक्स उघडून काहीतरी करत बसायच्या. एका दुपारी त्यांच्या मशीनमधून आवाज आला. कोरडा, सपाट, यंत्रातला पुरुष, डोकं सर्दीनं भरल्यासारखा. नीट ऐकलं तर मराठी. बाईंनी लिनक्समधला वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू केला होता, डोळ्यांनी अधू माणसांसाठी असतो तो. आधी त्यांनी त्याला जुन्या फाँटातलं एक पुस्तक दिलं. तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच वाचायला लागला, एकाही मराठी शब्दाचा पत्ता नाही. मग त्यांनी कोशाची फाइल दिली आणि तो म्हणाला, "खोडवा. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांना फुटणारं दुसरं पीक."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. नाना आतून धावत आले. त्यांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बाई, पहिला कोश पुसला गेला ते एका अर्थी बरंच झालं! तो जुन्या फाँटातला, या आवाजाला वाचताच आला नसता."

"चूक ती चूक, नाना," बाई म्हणाल्या. "उगाच तिला हार घालू नका. त्यांना डोळ्यांनी वाचायचं होतं."

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुरेखाला फोन केला. सुरेखाकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यातल्या विंडोजमध्ये मराठी वाचणारा आवाज नव्हता आणि विंडोज काढून टाकायची तिची तयारी नव्हती. म्हणजे पुन्हा तेच. डिस्कचे भाग पाडायचे आणि शेजारी लिनक्स बसवायचं. गणपतीनंतर बाईंनी त्या कामाला हात लावला नव्हता. ओळखीचे डीटीपीवाले बोलवायचे तेव्हा त्या दुसऱ्या कुणाचातरी नंबर द्यायच्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. पुढे वर्षभरात नानांनी प्रकाशन आवरतं घेतलं, बाई धाकट्या बहिणीकडे सोलापूरला राहायला गेल्या, आणि आता आमचं बोलणं होतं ते फोनवर. एकमेकींसोबत काम केल्याचा तो शेवटचा दिवस.

सुरेखा लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. "बाई, प्लीज, फोटोज डिलीट नाही ना होणार? मुलांचे जन्मल्यापासूनचे सगळे ह्यातच आहेत. माझा बॅकअप वगैरे काही नाहीये." पहिल्या वेळी काय झालं होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"होऊ शकतात," बाई म्हणाल्या. "म्हणून आधी कॉपी."

बाईंनी बरोबर एक वेगळी डिस्क आणली होती. सगळे फोटो त्यावर उतरवले. मग एवढ्यावर न थांबता सुरेखाला त्यातले कुठलेही फोटो उघडून बघायला लावले, हे आले का, ते आले का. सुरेखा बघता बघता मुलाच्या बारशाच्या फोटोंत रमली, तोवर बाई थांबल्या. मग ती डिस्क लॅपटॉपपासून काढली आणि गुरुजींच्या हातात दिली. "ही घट्ट धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका." गुरुजींनी ती दोन्ही हातांत धरली. मग बाईंनी विंडोजचा भाग मोठा ठेवला आणि लिनक्ससाठी शेवटचा एक तुकडा काढला, इतका लहान की माझ्यासुद्धा डोळ्यांत भरला. हात मांडीवर ठेवले.

"वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. सुरेखानं वाचलं. बाईंनी वाचलं. मग परत एकदा सुरेखाकडे बघितलं आणि एंटर दाबलं.

काम झालं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आधी विंडोजमध्ये जाऊन सुरेखाला तिचे फोटो दाखवले. ते जागेवर होते. ती चहा टाकायला आत गेली. मग बाईंनी लिनक्स उघडलं, कोशाची फाइल लावली, आणि गुरुजींना शेजारची खुर्ची देऊन स्वतः दारातल्या पायरीवर जाऊन बसल्या.

यंत्रातला तो सर्दी झालेला माणूस वाचायला लागला. गुरुजी आधी कान देऊन ऐकत होते, मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. तो 'मळी' म्हणाला की हे म्हणत, "जीभ वर लाव. ळ. म-ळी." त्याला काही फरक पडत नव्हता, तरी हे सोडत नव्हते. सुरेखाचा चहा निवला. गुरुजींनी 'क'पासून ऐकलं, मग 'ख', मग म्हणाले, "पुढं, 'न'वर ने." मी पुढे नेलं.

"निडवा," आवाज म्हणाला. "खोडव्यानंतर त्याच बुडख्यांवर राखलेलं तिसरं पीक. उदाहरण. निडव्याकडं कुनी बघत न्हाई, पर त्योबी गोडच आसतो बाबा."

गुरुजींचा हात वर झाला. "थांबव," ते मला म्हणाले. मी थांबवलं. "ही माझी आई," ते म्हणाले. "बांधावर बसून बोललेली. मी तवा धा वर्षांचा आसन." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "परत लाव. आन् हे झालं की सुरवातीपासनं लाव. पयल्या पानापासनं. मी बसतो."

मी परत लावलं, मग पहिल्या पानावर नेलं आणि बाईंना निघू या म्हणून सांगायला दाराकडे वळले. बाई पायरीवर चौकटीला पाठ टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, त्या दुआ मागताहेत की काय, कारण त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा कळलं. दोनदा टाइप करून त्यांना कोश पाठ झाला होता. आतून यंत्राचा आवाज येत होता आणि बाई हळू आवाजात त्याच्या एक शब्द पुढे होत्या.